आधी थोरल्याचं घर

नदीनं बांध फोडला त्या दिवशी अबुया मिस्त्री अहेरोच्या बाजारात दुसऱ्याच्या भिंतीला गिलावा करत होता आणि इकडं त्याची स्वतःची भिंत पाण्यात विरघळत होती. भिंत म्हणजे तरी काय, कुडाला थापलेला काळा चिखल. कानोच्या सपाटीवर वयात आलेला पोरगा बापाच्या आवारात, फाटकाच्या कडेला आपली झोपडी उभी करतो. तिला सिम्बा म्हणायचं. तिथं बायको आणायची, एखाददुसरं लेकरू होऊ द्यायचं आणि मग बापाचं आवार सोडून स्वतःचा दाला वसवायचा. स्वतःचं कुंपण, स्वतःचं फाटक, स्वतःची चूल. अबुया आणि त्याची बायको अकेयो यांचा सिम्बातला मुक्काम एकोणीस वर्षं लांबला होता. आसपासच्या गावांतली निम्मी पक्की घरं ज्यानं बांधली, त्याचं घर हे असं. लोक हसणार नाहीत तर काय करतील?

अकेयोनं पोरांना सासूबरोबर शाळेकडं पिटाळलं, शिवणयंत्र डोक्यावर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. गाढवालाही पेललं नसतं एवढं ते यंत्र जड होतं. पण ते खाली ठेवायची सोय नव्हती आणि तिची तयारीही नव्हती. मागं वळून बघितलं तेव्हा सिम्बाची मागची भिंत आडवी झाली होती. आवाजसुद्धा झाला नव्हता.

शाळेच्या वर्गांत माणसं भरली. चौथीचा वर्ग अकेयोच्या वाट्याला आला, आणखी दोन घरांबरोबर. फळ्याखाली सासूची चटई, खिडकीखाली पोरं, दाराशी यंत्र. शेजारीण न्यागिलो आपलं भिजलेलं पीठ बाकावर पसरता पसरता म्हणाली,

"मिस्त्री, ही शाळा तुमीच बांधली न्हवं? लई चांगलं काम केलंत बघा. कुटं थेंब गळत न्हाई."

"व्हय," अबुया म्हणाला.

"म्हंजी घरच बांधून ठिवलं हुतं म्हणा की तुमी, आदीच."

सगळे हसले. अबुयाही हसला. अकेयो मात्र हसली नाही. ती पाणी गरम करायला उठली. नवऱ्याचा उजवा गुडघा सुजून खरबुजाएवढा झाला होता, त्याला मिठाच्या पाण्याचा शेक द्यायचा होता. अबुया तो गुडघा कुणाला दाखवत नसे. परांचीवर चढताना तो आता दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून मगच पुढची पायरी घेई. गवंड्याची विद्या हातात असते खरी, पण तिला वर चढवतात गुडघे, आणि गुडघे काही पॉलिटेक्निकात मिळत नाहीत.

पैसा नव्हता म्हणून ही वेळ आली होती असंही नाही. दोघंही एकाच गावच्या पॉलिटेक्निकातून, म्हणजे हातकाम शिकवणाऱ्या शाळेतून, बाहेर पडलेले. तो गवंडीकामाचा, ती शिवणकामाची. सुरुवातीची वर्षं हालाची गेली. पण पुढं त्याच्या थापीला आणि तिच्या सुईला उसंत मिळाली नाही. तीन शाळांचे गणवेश ती एकटी शिवी. पोरांच्या फिया वेळेवर गेल्या. सासरा वारला तेव्हा मयतीच्या जेवणाला बैल अबुयानं कापला. पूर चढणार नाही अशा उंचवट्यावर वडिलांनी नेमून दिलेली जागा होती, तिथं अबुयानं भाजलेल्या विटा रचून ठेवल्या होत्या. त्या विटांवर आता गवत उगवलं होतं.

अडलं होतं ते रीतीवर. थोरला भाऊ वसल्याशिवाय धाकट्यानं वसायचं नाही. थोरल्याला ओलांडलं की चिरा, म्हणजे रीत मोडल्याचा शाप, लागतो, लेकरं सुकत जातात आणि का सुकतात ते डॉक्टरला कळत नाही. आणि थोरला भाऊ ओगोला किसुमू शहरात बसला होता. साखर कारखान्यात भांडारावर कारकून होता तो. कारखाना बंद पडून वर्षं लोटली तरी म्हणत होता, दाला वसवीन तर दगडी घरानं.

पाणी उतरायला लागलं तेव्हा शाळेच्या आंब्याखाली घरची माणसं बसली. चुलता मागेरो सगळ्यांत वयानं मोठा. तो स्टुलावर, बाकीचे मुळांवर.

"जुन्या आवारात आता काय ऱ्हायलं न्हाई," सासू म्हणाली. "माझी खोली उभी हाय, तेवढीच. ही पोरं कुटं टाकू मी?"

"सिम्बा पुन्ना बांधू," अबुया म्हणाला. "आठ दिसांचं काम."

अकेयोचं डोकं तिथं फिरलं.

"पुन्ना सिम्बा? अवो, तुमचा ओयुगी अठरा वर्षांचा झाला. त्याला त्याचा सिम्बा पायजे आता. तो कुटं बांधायचा? आज्याच्या आवारात नातवाला बांधता येत न्हाई. बापाचं आवार असंल तर पोराचा सिम्बा. तुमचं न्हाई, तर त्याचं न्हाई. एकाचं अडलं की मागची सगळी रांग अडली."

"दादाला ओलांडू म्हंतीस?"

"मी ओलांडा म्हणाली न्हाई."

"मंग काय म्हंतीस?"

"इचारा म्हंते. एकोणीस वर्षांत तुमी दादाला एकदा तरी तोंडानं इचारलंय?"

अबुया मुळाची साल नखानं खरवडत राहिला. विचारलं नव्हतं. थोरल्याला 'कधी वसणार' म्हणून विचारायचं म्हणजे 'तुझ्यात दम नाही' असं तोंडावर सांगायचं. हे त्याच्यानं होणार नव्हतं.

"मामंजी," अकेयो मागेरोकडं वळली, "वसायला दगडी घर लागतं का?"

"दगडी?" म्हाताऱ्यानं दात नसलेलं तोंड उघडून हसून घेतलं. "कोंबडा लागतो, कुऱ्हाड लागती, इस्तव लागतो. सकाळी जायाचं, घर उभारायचं आन दिस मावळायच्या आत त्यावर छप्पर पायजे. त्याच रात्री तिथं निजायचं. तुझ्या आज्यासासऱ्याचं घर गवताचं हुतं. दगडी घर ही कारखान्याची रीत, आपली न्हवं."

"मंग मी जाते किसुमूला."

"तू?" सासू म्हणाली.

"ह्यास्नी इचारवत न्हाई. तुमचा गुडघा... ह्यांचा गुडघा चार वर्षं वाट बघंल असं मला दिसत न्हाई. मी जाते."

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. ती सकाळच्या मटाटूत, म्हणजे वडापाच्या गाडीत, बसली.

ओगोलाची खोली पत्र्याची होती, अशाच आठ खोल्यांच्या ओळीत. दाराबाहेर थोरली जाऊ अपोंदी मोठ्या कढईत ओमेना तळत होती. बोटाएवढी ती मासळी रस्त्याकडेला बसून विकायची, हा तिचा धंदा. त्याच कढईवर घर चालत होतं. जावेला बघून ती उठली, हात पुसले आणि दोघींनी एकमेकींना असं धरलं की शेजारणी बघायला लागल्या.

आत ओगोला इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसला होता. कुठंही जायचं नसताना तो रोज असाच तयार होऊन बसे. त्याची बोली शहरी झाली होती.

"बस. आई कशी आहे?"

"शाळंत निजती, भावजी. फळ्याखाली."

"मी ऐकलं पुराचं. यायला हवं होतं मी." तो थांबला. "भाडं जुळलं नाही."

चहा आला. अकेयोनं तो पिऊन होईपर्यंत धीर धरला, त्याहून जास्त तिच्यानं धरवेना.

"भावजी, दाला कधी वसवताय?"

बाहेर कढईतला झारा थांबला.

"कारखान्याची थकबाकी मिळू दे. सरकार कारखाना पुन्हा सुरू करणार म्हणतात. एकदा पैसे हातात आले की दगडाचंच बांधणार."

"कारखान्याच्या धुराड्यात घारीनं घरटं केलंय, भावजी. मी मटाटूतनं बघितलं. ती बाई वसली बघा तुमच्या आधी."

बाहेर अपोंदीला हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात लपवलं. ओगोला हसला नाही.

"तुला नवऱ्यानं पाठवलं?"

"त्येंचं धाडस असतं तर मी कशाला आली असती? त्ये म्हंतात पुन्ना सिम्बा बांधू. भावजी, एका दिसाचं घर लागतं. लाकडं, पत्रा. तुमचा भाऊ आन त्याचे सोबती उभं करत्यात. तुमी निस्तं येऊन निजायचं."

"म्हणजे धाकट्याच्या भिकेवर थोरला वसणार. छान."

"भीक कसली? पॉलिटेक्निकाची फी तुमी भरली. तुमचे वडील म्हणाले हुते, मातीतच काम करायचंय तर शेत काय वाईट हाय? तवा तुमी पगारातनं फी दिली, पैली थापी घेऊन दिली. ते आमी विसरलो न्हाई, आन कुणाच्या मयतीला दहा माणसं जमली की तुमीबी कुणाला विसरू देत न्हाई." हे बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली, पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. "मंग पीक तुमचंच न्हवं? काढायला या."

ओगोलानं रिकामा कप खुर्चीखाली ठेवला. बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता.

"ते मी भावाला दिलं होतं. व्याजानं नव्हतं दिलं. परत घ्यायचं असतं तर बँकेत ठेवलं असतं."

अकेयोला हे लागलं. इतकी वर्षं ती ह्या माणसाला नुसता ऐटबाज समजत होती. त्याच्या पोटात असं काही असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला त्याचा राग धरून ठेवणं जमेना, आणि राग गेल्यावर खरं काय ते बोलणं सोपं झालं.

"बरं. मंग फुकट काय बी नको. तुमच्या भावाच्या हाताखाली गडी कमी हाय. अहेरोत बाजाराचं काम चाललंय. सगळ्यास्नी मिळतो तोच रोज तुमाला. पत्रा तुमच्या पैशानं घ्या, लाकूड तुमच्या पैशानं घ्या. घर तुमच्या कमाईचं हुईल."

"मी घमेली उचलू? अबुयाच्या हाताखाली?"

"तुमचा भाऊ रोज उचलतो, भावजी. त्यानं तो बारका झाला न्हाई."

ओगोला उठला, सदरा नीट केला आणि बाहेर निघून गेला. दार त्यानं हळूच ओढलं होतं. अकेयोला वाटलं, संपलं. आता हा ह्या जन्मात वसत नाही.

अपोंदी आत आली. "काय बोललीस गं तू हे!" ती म्हणाली. मग जावेच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "पन बरं झालं बोललीस. माझ्या तोंडात कवापासनं ते हुतं." मटाटूपर्यंत ती सोडायला आली आणि पोरांसाठी तळलेल्या मासळीचा पुडा अकेयोच्या हातात कोंबला.

शाळेत परतल्यावर खरी पंचाईत होती. अबुयानं सगळं ऐकून घेतलं आणि मक्याच्या पिठाच्या उगालीचं ताट पुढून सरकवलं.

"दादाला घमेली उचलायला सांगून आलीस?"

"सांगून आली."

"बापासारखा हाय तो मला."

"मंग बापाला काम सांगायला लाज वाटती का भीक द्यायला?"

अबुया भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. रात्री जेवलाही नाही. त्याचं ताट अकेयोनं झाकून ठेवलं आणि तीही जेवली नाही, पण तिनं आपलं बोलणं मागं घेतलं नाही.

सोमवारी ओगोला आला.

अहेरोच्या बाजारात गाळ्यांची लांब ओळ उठत होती. भिंती अबुयाच्या, छपराचं लाकूड ओदेराचं, दारं-जाळ्या अदोयोच्या. ओदेरा सुतार आणि अदोयो वेल्डरीण, दोघं अबुयाच्याच वेळचे पॉलिटेक्निकातले. अकेयो दुपारचं जेवण घेऊन आली तेव्हा बघते तो विटांच्या ढिगापाशी थोरला दीर उभा. पॉलिश केलेले बूट, इस्त्रीची पँट, हातात घमेलं. घमेलं त्यानं दोन्ही हातांनी असं पुढं धरलं होतं की लग्नातला आहेर घेऊन आलाय असं वाटावं.

अबुयाची त्याहून वाईट गत होती. थोरल्याला 'आण' कसं म्हणायचं? तो परांचीवरून आभाळाकडं बघत बोलायचा. "पानी लागंल वाटतं." "माल संपत आला जणू." खाली ओगोलाला कळायचं नाही की हे आपल्यालाच आहे. मग दोघंही थांबायचे आणि भिंतही थांबायची.

शेवटी अदोयोनं डोळ्यावरचा काळा चष्मा वर सारला.

"मिस्त्री, तुमी देवाला पानी मागताय का गड्याला? आन दादा, तुमी असं कंबरंतनं वाकू नका. गुडघ्यातनं वाका. न्हाईतर सांजच्याला तुमाला उभं करायला जॅक आणावा लागंल."

गडी हसले. ओगोलाचे कान तापले असणार, पण तो गुडघ्यातून वाकला. दुपारपर्यंत बुटांना चुन्याचा थर बसला. संध्याकाळी तळहातांची कातडी निघाली होती. अकेयोनं शिवणातलं कापड फाडून दिलं, त्यानं ते मुकाट्यानं हातांना गुंडाळलं. ती त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळत होती. मोठ्या माणसाचं असं दुखणं बघू नये.

तो दुसऱ्या दिवशीही आला आणि तिसऱ्या दिवशीही. बूट गेले, टायरच्या चपला आल्या. रात्री तो जुन्या आवारातल्या आईच्या खोलीत झोपे आणि अंधार असतानाच निघे.

जेवताना जुन्या गोष्टी निघत. ओदेराची दोन बोटं रंध्याच्या यंत्रानं नेली होती. तरी त्याच्या कमाईच्या पाच खोल्या अहेरोत भाड्यानं लागल्या होत्या.

"पैली वर्षं आठवत्यात का?" तो म्हणाला. "ह्या ओगोलादादाचा एक महिन्याचा पगार म्हंजी आपल्या तिघांचं सहा महिन्याचं काम. मी दादाच्या बुटाकडं बघायचो आन म्हणायचो, माजं काय तरी चुकलं."

"माझा बाप म्हणायचा, लोखंड जोडणारी पोरगी कोण करून नेणार?" अदोयो म्हणाली. "नवरा मिळाला, दोन लेकरं झाली आन बापाच्या खिडकीची जाळीबी मीच केली. पैसं घेऊन केली."

"बापाकडनं पैसं?"

"घेतलं. त्यानं मोजून दिलं आन मंग साऱ्या गावाला सांगत फिरला, माझ्या पोरीचा दर किती हाय ते."

"आपल्यातला तो न्यामोगो?" अबुयानं विचारलं.

"त्यानं हत्यारं इकली. आता मासळी वाहतो." ओदेरानं ताट बाजूला सारलं. "सगळ्यांचंच जमलं असं न्हाई. आन जमलं त्येंचंबी, किती दिस? साठीला मी रंधा मारीन का?"

अबुयानं पाय लांब केला आणि गुडघ्यावर हात ठेवला. अकेयोनं ते बघितलं. ओगोलानंही बघितलं. त्या दुपारपासून वरची घमेली दुसऱ्या गड्याच्या हातून घेऊन ओगोला स्वतः परांचीवर चढवून द्यायला लागला, म्हणजे अबुयाला खाली उतरावं लागू नये. कुणी त्याला ते सांगितलं नव्हतं.

शनिवारी आठवड्याच्या रोजाचे पैसे वाटायचे. गडी ओळीनं उभे राहिले आणि शेवटी ओगोला. अबुयाचा हात खिशातच अडकला. अकेयो बाजूलाच उभी होती. आता हा जास्त देणार आणि सगळं नासणार, हे तिला दिसत होतं.

"इतरांना दिलेस तेवढेच दे," ओगोला म्हणाला. "एक शिलिंग वर दिलास तर मी सोमवारी येणार नाही."

अबुयानं तेवढेच दिले. ओगोलानं ते दोन्ही हातांनी घेतले, आपल्याकडं मोठ्यांकडून घ्यावं तसे, आणि सरळ समोरच्या दुकानात शिरला. बाहेर आला तेव्हा डोक्यावर पत्रा होता. नवा, चकचकीत, एकच. तो पत्रा घेऊन तो अहेरोपासून शाळेपर्यंत भर रस्त्यानं चालत आला. मोटरसायकलवाल्यानं नेतो म्हटलं, त्याला नको म्हणाला. लोक बघत होते आणि त्यांनी बघावं असंच त्याला वाटत होतं. अकेयो मागून चालत होती. हा आपला दीर, असं ती वाटेत दोघीतिघींना न विचारता सांगत सुटली.

दर शनिवारी चौथीच्या वर्गात भिंतीला आणखी पत्रे टेकू लागले. न्यागिलो शेजारणीनं ते मोजायचा नाद लावून घेतला.

"अगं अकेयो, दिराचं छप्पर झालं की. आता भिंतींना लागलाय तो."

"व्हय," अकेयो म्हणायची, "आन तू तुझं पीठ त्या पत्र्याला लावू नकोस."

पाऊस संपला, उंचवट्यावरची वाट वाळली, तेव्हा मागेरोनं दिवस धरला. अपोंदी दोन दिवस आधीच पोरांसकट आली होती.

पहाटे सगळे निघाले. पुढं म्हातारा मागेरो, मागं ओगोला, ओगोलाच्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर कुऱ्हाड, अपोंदीच्या हातात खापरात विस्तव. ओगोलाच्या काखेत पांढराशुभ्र कोंबडा होता. किसुमूहून पिशवीतून आणलेला, अंगानं दणकट. मागेरोनं त्याच्याकडं वाकून बघितलं.

"हा काय हाय?"

"कोंबडा आहे, काका."

"आरवतो का?"

ओगोला गप्प. कोंबडाही गप्प. तो पिंजऱ्यात वाढलेला, खाऊन बसायचा तेवढं त्याला ठाऊक. खाली ठेवला तर जागच्या जागी फतकल मारून बसला.

"ह्यो तर कारकून निघाला," ओदेरा म्हणाला आणि लगेच जीभ चावली. पण सगळ्यांच्या आधी हसला तो ओगोला, इतका की त्याला पोट धरावं लागलं. बायकाही हसून हसून रडल्या. सासूनं आपला तांबडा कोंबडा काढून दिला. तो ओगोलाच्या हातात येता येताच असा आरवला की खालच्या गावातले कुत्रे उठले. पांढऱ्याचा त्या दुपारी रस्सा झाला.

ओगोलानं पहिला खड्डा स्वतः खणला, पहिला खांब स्वतः धरला. मग ओदेराचे सुतार, अबुयाचे गवंडी, अदोयोची माणसं, सगळे तुटून पडले. दुपारी सांगाडा उभा होता. ओगोला कुठंच बसला नाही. प्रत्येक पत्रा वर द्यायला तोच. आपल्या कमाईचा पत्रा दुसऱ्याच्या हातात देताना तो हळूच पुसून देई, ते अकेयोनं बघितलं.

दिवस तांबडा व्हायच्या आत शेवटचा खिळा बसला. अपोंदीनं आत तीन दगडांवर विस्तव ठेवला. मागेरो फाटकात उभा राहून म्हणाला, "हा ओगोलाचा दाला. ज्याचं पोट दुखंल त्यानं इथनंच माघारी जावं." कुणी माघारी गेलं नाही. जेवणं झाली, दार लागलं आणि माणसं उतरून गेली.

त्यानंतरचे दिवस अकेयोला खायला उठले. नव्या दाल्यात ओगोलाला रीतीच्या रात्री काढायच्या होत्या, तोवर तो कुठं जाणार नव्हता. शाळेतली माणसं एकेक करून आपल्या घराला परतत होती. न्यागिलो गेली. चौथीच्या वर्गात आता एकच घर उरलं होतं. हेडमास्तर रोज येऊन बाकं मोजत आणि काही न बोलता जात, आणि त्यांनी बोलून टाकलेलं बरं असं अकेयोला वाटे. वाट मोकळी झाली होती, पण अबुया काही हलेना. मागेरोला कणकण आली होती. बाप नसला की दाला वसवायला घरचं मोठं, स्वतः वसलेलं माणूस पुढं लागतं.

"काकांना बरं वाटू दे," अबुया म्हणायचा. "आता काय, चार दिस."

"एकोणीस वर्षं आन चार दिस," अकेयो म्हणायची.

एका पहाटे वर्गाचं दार वाजलं. अकेयोनं उघडलं. बाहेर ओगोला उभा होता. टायरच्या चपला, हातात फावडं, काखेत आईचा तांबडा कोंबडा. मागं अपोंदी, आणि त्यांच्याही मागं धुक्यात ओदेरा, अदोयो आणि त्यांची माणसं, हत्यारांच्या पिशव्या घेऊन.

"अबुयाला उठव," तो म्हणाला. "काका आजारी आहेत. मी वसलोय आता. बापाच्या जागी मी चालतो पुढं."

अबुया चटईवरून उठला तो एका हातानं भिंत धरून. दाराशी येऊन त्यानं भावाकडं बघितलं. मग त्यानं थापी घेतली. ओयुगीनं कुऱ्हाड घेतली. अकेयोनं चुलीतला विस्तव खापरात काढला. तिनं खापर दोन्ही हातांनी धरलं.

उंचवट्यावर सूर्य वर येत होता. खाली नदी आपल्या पात्रात गेली होती. विटांच्या ढिगापलीकडं ओगोलानं जागा धरली, भावाच्या हातात फावडं देऊन त्याच्याकडून पहिला खड्डा खणवून घेतला आणि खांब दोघांनी मिळून उभा केला. माती दाबून झाल्यावर ओगोला मागं सरला. सगळं कूळ बघत होतं. म्हाताऱ्या बायका होत्या, गावातले होते, कारखान्यातला त्याचा एक जुना सोबतीही होता. ओगोलानं पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली.

"मिस्त्री," तो मोठ्यानं म्हणाला, "काय आणू?"

अबुया त्याच्याकडं बघत राहिला. आभाळाकडं नाही, त्याच्याकडं.

"पानी आणा, दादा," तो म्हणाला. "दोन डबं. आन मंग इटा."

ओगोला पाण्याला गेला. ओदेरानं लाकडं ओढायला घेतली, गवंड्यांनी दोरी ताणली. अकेयो जमिनीवर बसली, तीन दगड मांडले, विस्तव ठेवला, काटक्या घातल्या आणि वाकून फुंकर घालू लागली. जाळ धरला तरी तिचं तोंड वर येईना. अपोंदी शेजारी येऊन टेकली.

"धूर गेला का गं डोळ्यांत?"

"न्हाई, आक्का," अकेयो म्हणाली. "रडतेया मी. माझ्या दाल्यात रडतेया, कुणाचं काय जातंय?"